कनिष्ठ चाकरी

प्राथमिक शाळेत शिकवण्यात समाधान आहे का, असं कुणी विचारलं की मी हो म्हणते. पहिल्यापासून म्हणत आले आहे आणि ते खरं आहे. पण अलीकडे हो म्हणून झाल्यावरही माझं मन त्या प्रश्नापासून हलत नाही. विचारणारा माणूस हे उत्तर ऐकून इतका निर्धास्त का होतो, हे मला उमगत नाही. बाई समाधानी आहेत म्हटल्यावर जणू सगळंच ठीक चाललं आहे. मग गळक्या पत्र्यांबद्दल, एकाच खोलीत दोन-दोन इयत्ता कशा बसतात याबद्दल, दसऱ्यानंतर अर्धा वर्ग कुठे जातो याबद्दल तो काही विचारत नाही. माझं समाधान त्याला पुरतं. मला ते पुरतं का, हे काही ठरत नाही.

ठरवायला बसलं की विचार दर वेळी एका म्हणीपाशी जाऊन अडतो. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी. बारावीनंतर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्यासाठी डी.एड.चा फॉर्म आणला, तेव्हा आबांनी, म्हणजे आजोबांनी, ती ऐकवली होती. आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या डोंगरातलं. रान कोरडवाहू, बाजरी, तूर आणि थोडा कापूस. पाऊस झाला तर वर्ष, नाही तर नुसताच उन्हाळा. तरीही आबांना शेती उत्तमच वाटायची. पोरीला चाकरीला घालतोस का, असं त्यांनी अण्णांना विचारलं. अण्णा आबांसमोर कधी फार बोलत नसत. त्या दिवशी मात्र बोलले. "मग आबा, देता का दोन एकर तिच्या नावावर?"

आबांनी उत्तर दिलं नाही. फॉर्म भरला गेला.

ही म्हण कुणी केली असेल? ज्याच्या नावावर जमीन होती, त्यानेच. ज्याला दुसऱ्याच्या बांधावर जाऊन उभं राहावं लागलं नाही, ज्याला सरदाराच्या किंवा सावकाराच्या मर्जीवर दिवस काढणाऱ्या भाऊबंदाची कीव आली, अशा माणसाची ती म्हण आहे. चाकरीत मर्जी धन्याची. शेतीत फक्त पावसाची. त्या काळी यात तथ्य असणार. हिंदीतही हीच म्हण आहे आणि तिथे चाकरीच्याही खाली भीक येते. मग गावोगावचा पंतोजी कुठे बसत असेल? तो गावाकडून धान्य घ्यायचा, सणावाराला शिधा घ्यायचा. त्याला धनी एक नव्हता, सगळा गाव होता. तो चाकरीत धरायचा की त्याच्या खालच्या पायरीवर, हे म्हण करणाऱ्यालाही बहुधा सांगता आलं नसतं.

व्यापाराबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. आमच्या घराने आडत दुकान पाहिलं ते कापूस घालायला गेल्यावर, ओट्याच्या खालच्या बाजूने.

आता ती उतरंड उलटी झाली आहे हे तर सगळेच जाणतात. आमच्याकडे शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही. सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न नोकरीचा. म्हण तीच आहे, खालून वर वाचायची एवढंच. पण मला छळतं ते वेगळंच. म्हण सरळ होती तेव्हा आणि उलटी झाली तेव्हाही, ती बाईसाठी कधी केलेलीच नव्हती.

आमच्या आईची शेती मी पाहिली आहे. तिचं पाऊल सगळ्या रानात होतं आणि नाव कुठेच नव्हतं. पेरणीला तिफणीमागे चालत चाड्यात बी सोडायचं काम तिचं. मूठ इतकी सारखी सुटायची की अण्णा दुसऱ्या कुणाला चाड्यावर धरू देत नसत. खुरपणी तिची, वेचणी तिची, रास झाल्यावर उफणताना सूप तिच्या हातात. नांगराला मात्र तिने कधी हात लावला नाही. बाईने नांगर धरायचा नसतो, असं आमच्याकडे मानतात. धरला तर पाऊस जातो म्हणतात. पाऊस तसाही जायचाच.

घरचं खुरपून झालं की आई दुसऱ्यांच्या रानात जायची, कधी सावडीला, कधी रोजानं. संध्याकाळी आम्ही रस्त्याने येत असलो की ती एखाद्या तुरीकडे बोट करून म्हणायची, हे रान मी खुरपलंय बरं का. तूर दुसऱ्याची, रान दुसऱ्याचं. शेंगा भरल्या तर त्या कुणाच्या घरी जाणार हे तिला माहीत होतं. तरी ती थांबून बघायची. वाफा नि वाफा स्वच्छ दिसला की तिचा चेहरा खुलायचा. मला तेव्हा ते फार साधं वाटलं होतं. आता वाटत नाही.

ते समाधान कुठून आलं असेल? मजुरी तर तिला तेवढीच मिळायची, जेवढी वरवर खुरपून जाणारीला मिळायची. मालक बघायला नसायचा. गवत मुळासकट निघालं की नाही हे फक्त तिला आणि रानाला ठाऊक. काम नीट झालं, एवढ्याने ती भरून पावायची. मी वर्गात उभी राहते तेव्हा हेच घडतं का? की आईला समाधान होतं म्हणूनच कुणाला तिची मजुरी वाढवावीशी वाटली नाही? दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतील तर त्यांतली कोणती आधी धरायची?

शिक्षकदिनाच्या भाषणात हमखास ऐकू येतं की शिक्षक हा शेतकरी आणि मुलं हे त्याचं पीक. मला ते कधी पटलं नाही. शेतकरी ठरवून पेरतो. बाजरी पेरली तर बाजरीच येते. मुलं आमच्याकडे येतात ती कुणी तरी आधीच पेरलेली, उगवलेली, तहानलेली. ती काय होतील हे मी ठरवत नाही. आईसारखी मी फार तर दुसऱ्याच्या रानात खुरपणी करते. आणि तीही उपमा मला फार ताणवत नाही, कारण तूर स्वतःहून उठून साखर कारखान्यावर जात नाही. मुलं जातात.

जमिनीचा विषय निघालाच आहे तर त्यातलं थोडं सांगून टाकते. महाराष्ट्रात 1994 साली कायदा बदलला आणि वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका वाटा मिळाला. केंद्राचा तसा कायदा 2005 साली झाला. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती, शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला तुकडा घरधनिणीच्या नावे करावा म्हणून. काही गावांत तसं झालंही. आमच्या गावात नाही झालं. अण्णा गेल्यावर वारस नोंदीत आम्हा बहिणींची नावं सातबाऱ्यावर आली आणि थोड्याच दिवसांत आम्ही हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. जबरदस्ती कुणी केली नाही. भाऊ चांगला आहे, कोरडवाहू रान त्यालाच पुरत नाही आणि माहेरचं दार उघडं राहावं असं कुणाला वाटत नाही? तालुक्याला नोंदणी कार्यालयाबाहेर अशा सह्या करायला आलेल्या बहिणी रोज दिसतात. नव्या साड्या नेसून आलेल्या असतात. लेखनिक विचारतो, सही की अंगठा.

सही.

त्या सहीपाशी मी बरीच घुटमळले आहे. सही करायला मला शाळेने शिकवलं. शाळेच्या जोरावरच मला नोकरी लागली. आणि नोकरी होती म्हणून जमिनीवरचा हक्क मी इतक्या सहज सोडू शकले. माझ्या थोरल्या बहिणीला नोकरी नाही. तिनेही सोडला. तिच्या आणि माझ्या सहीत कागदावर काही फरक नाही.

म्हणजे आबांची उत्तम शेती माझ्या वाट्याला आलीच नाही आणि कनिष्ठ चाकरी ही आमच्या घरातल्या बाईच्या नावावर लागलेली पहिली गोष्ट ठरली. 2004 साली मी शिक्षणसेवक म्हणून रुजू झाले. योजना 2000 साली सुरू झालेली. पहिली तीन वर्षं ठरावीक मानधन, मग नियमित वेतनश्रेणी. मानधन महिन्याला 3000 रुपये. पासबुकावर माझं नाव होतं, ते मी आईला वाचून दाखवलं. तिला त्यातली रक्कम दिसली नाही, नावच दिसलं. त्या दिवशीचा आनंद खरा होता, पण तो शिकवण्याचा आनंद नव्हता. मी शिक्षिका व्हायचं स्वप्न वगैरे पाहिलं नव्हतं. आमच्या भागात तेव्हा मुलगी बारावीला बऱ्या गुणांनी पास झाली की डी.एड.लाच घालत. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, नोकरीची बऱ्यापैकी खात्री, महिलांसाठी 30 टक्के राखीव जागा. पुढे 2010च्या भरतीनंतर भरतीच बरीच वर्षं थांबली. माझ्याहून हुशार मुली डी.एड.चं प्रमाणपत्र पेटीत ठेवून पुन्हा खुरपणीला गेल्या. त्यांनाही मुलांना शिकवण्यात समाधान मिळालं असतंच की. तेव्हा माझं समाधान काही अंशी नुसतं जन्मसाल बरं निघाल्याचं आहे.

शिकवण्याचा आनंद नंतर आला, आणि आला तो तांड्यावरच्या एका मुलीमुळे.

आमच्या शाळेत गावातली आणि वरच्या तांड्यावरची मुलं एकत्र असायची. तांड्यावरची मुलं घरी गोरमाटी बोलतात. पहिलीतल्या मुलाला मराठी अशी काही भाषा आहे हे शाळेतच कळतं. ही मुलगी दुसरीत आली तरी माझ्याशी बोलत नव्हती. बाकी सगळं करायची. पाटीवर अक्षरं सुबक काढायची. ग, म, भ, न या क्रमाने आम्ही अक्षरं शिकवतो, वळण सारखं असतं म्हणून. तिच्या ग आणि भची वळणं छापल्यासारखी. पण वाच म्हटलं की खाली मान. मी तिच्या आजीकडे जाऊन बसायला लागले. याडी, बाटी असे शब्द गोळा केले आणि वर्गात फळ्यावर लिहिले. तिने ते पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि तरीही गप्पच राहिली.

मग एका दुपारी खिचडीच्या तांदळाचं नवं पोतं आलं होतं. मुलं ताटल्या घेऊन ओळीत उभी होती. ती पोत्याजवळ होती. पोत्यावर छापलेलं तिने मोठ्याने वाचलं. भारतीय खाद्य निगम. मध्ये 'द्य' अडला. तिने तो पुन्हा धरला, सोडवला आणि पुढे गेली. ओळीतली मुलं गप्प झाली. तिला यातलं काय कळलं असेल? निगम म्हणजे काय ते मलाही तिला नीट सांगता आलं नसतं. पण जोडाक्षर कुणी न शिकवता सुटलं होतं. जोडाक्षरांचा धडा त्या वर्गात अजून झालाच नव्हता.

त्या दिवशी मी घरी गेले ती वेगळी बाई होऊन गेले. ही गोष्ट मी आजवर कितीदा तरी सांगितली आहे आणि सांगताना दर वेळी आनंद होतो. आज ती लिहून काढताना मात्र दिसतं की तिच्यात मी कुठेच नाही. मी शिकवलेलं तिने वाचलं नाही. मी गोळा केलेल्या शब्दांनी ती बोलली नाही. पोतं आलं, ती जवळ होती, तिने वाचलं. मग मला आनंद कशाचा झाला? माझ्यामुळे झालं याचा नसेल, तर माझ्यासमोर झालं याचा? आईला निदान खुरपं चालवल्याचं तरी माहीत होतं.

पुण्यातल्या फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेची मला इथे आठवण होते. 1855 साली तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. वय चौदाच्या आसपास. मांगमहारांच्या दुःखाविषयी लिहिताना तिने विचारलं की ज्यांना धर्माचं पुस्तक वाचायचा अधिकार नाही, त्यांचा धर्म तरी कोणता? हा प्रश्न तिला कुणी पाठ करून दिलेला नव्हता. अक्षरं शाळेने दिली, प्रश्न तिचा होता. सावित्रीबाईंनी तो निबंध वाचला असेल तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? मी त्यांच्या जागी असते तर मला समाधान वाटलं नसतं. भीती वाटली असती. आपण हिच्या हाती काय दिलं आणि ही ते घेऊन कुठवर जाणार, त्या वाटेवर आपण हिच्याबरोबर असू का, याची.

आणि जोतिराव. हंटर आयोगापुढे 1882 साली त्यांनी निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शिक्षक कसा असावा ते सांगितलं आहे. तो शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, लोकांत मोकळेपणाने मिसळणारा असावा. वेळ आली तर नांगराचा रुमणा किंवा सुताराची वाकस हाती धरायला त्याला लाज वाटू नये. शेतकऱ्याच्या घरातली म्हणून हे वाचून माझी मान ताठ झाली होती. त्यांनी मागितलेला शिक्षक आमच्याच घरातून निघाला, असं वाटलं. पुढे ध्यानात आलं की नांगर तर आमच्या घरात बाईला धरूच देत नाहीत. मग मी त्या वर्णनात बसते का? त्यांनी स्वतःच्या पत्नीला शिक्षिका केलं, तेव्हा त्यांना बाई वगळायची नसणारच. पण रुमणा धरणारा हात म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर कुणाचा हात होता? चाड्यावर मूठ धरणारा हात चालेल का, असं त्यांना विचारावंसं वाटतं. मला वाटतं ते चालेल म्हणाले असते.

त्या निवेदनातली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. शिक्षकाला महिना 12 रुपयांपेक्षा कमी पगार असू नये, मोठ्या गावांत 15 ते 20 असावा, असं त्यांनी आकड्यांत मागितलं. आयुष्य शिक्षणाला दिलेला हा माणूस. शिक्षकाच्या समाधानाबद्दल तो सहज दोन ओळी बोलू शकला असता. तो पगाराबद्दल बोलला. पगार नीट नसेल तर चांगला माणूस या कामाला येणार नाही आणि आला तरी टिकणार नाही, हे ओळखून बोलला. मला यात माझ्या कामाचा जितका मान दिसतो तितका कुठल्या सत्काराच्या शालीत दिसला नाही.

आमच्याकडे नुकत्याच एक तरुण मॅडम रुजू झाल्या. शिक्षक अभियोग्यता चाचणी, पवित्र पोर्टल, पसंतीक्रम, सगळं पार करून लांबच्या जिल्ह्यातून आल्या आहेत. शिक्षणसेवकांचं मानधन मध्ये 6000 झालं होतं, 2023पासून 16,000 आहे. त्यातून खोलीभाडं, गाडीचं पेट्रोल, घरी पाठवायचे पैसे. मधल्या सुट्टीत त्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडतात आणि सुट्टी संपली की वही मिटून पहिलीच्या वर्गात अशा जातात की पोरं दारातच त्यांच्या ओढणीला लोंबकळतात. त्यांना आनंद होतो, तो मला स्पष्ट दिसतो. त्या आनंदाकडे बोट दाखवून त्यांना कुणी सांगू नये, की बघा, पैशापेक्षा मोठं काहीतरी तुम्हाला मिळतंय. मोठं असेलही. पण ते मानधनाच्या रकान्यात लिहिता येत नाही. शिवाय मतदारयादीचं काम, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराची नोंदवही यांच्यापुढे तो आनंद किती दिवस टिकतो, हेही बघायला हवं. माझा टिकला, कारण माझ्यासमोर ते पोतं आलं. सगळ्यांसमोर येतंच असं नाही.

तांड्यावरच्या त्या मुलीचं पुढे सांगायचं राहिलं. तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल घेतली की दसरा-दिवाळीला ट्रकमध्ये बसायचं आणि गुढीपाडव्याच्या मागेपुढे परत यायचं. पोतं वाचल्यानंतरच्या दसऱ्याला तीही गेली. धाकट्या भावाला सांभाळायला कुणी हवं होतं. परत आली तेव्हा मला वाटलं, सगळं विसरली असेल. ती विसरली नव्हती. तिथल्या कोपीसमोरच्या, म्हणजे झोपडीसमोरच्या मातीत तिने भावाला ग, म, भ, न गिरवायला लावलं होतं. तो सहा वर्षांचाही नव्हता आणि पहिलीत आला तो अक्षरं घेऊनच. पुढे चौथीनंतर ती कुठे गेली ते मला कळत राहिलं, पण माझ्या हातात काही नव्हतं. पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं. कायदा अठराचा आहे, तो आमच्या डोंगरात सगळ्यांना माहीत आहे. कोपीवर वयात आलेली मुलगी एकटी ठेवायची भीती कायद्याहून मोठी, असं तिची आई म्हणाली. मी त्यांच्या घरी जाऊन बोलले होते. चहा दिला, ऐकून घेतलं.

मध्ये माझ्या बदल्या झाल्या आणि फिरून मी त्याच केंद्रात आले. एका जूनमध्ये ती माझ्यासमोर उभी. मुलीला पहिलीत घालायला आली होती. प्रवेशाचा फॉर्म तिने माझ्या हातून घेतला, जमिनीवर बसून स्वतः भरला. मी जनरल रजिस्टर उघडलं तशी ती म्हणाली, "बाई, एक जून नका लिहू. तारीख खरी हाय, दाखला आणलाय."

एक जूनची गोष्ट गावाकडच्या वाचकांना सांगायला नको. जुन्या काळी जन्मतारीख कुणाला सांगता यायची नाही, मग गुरुजी मुलाला सहा पूर्ण भरतील अशा बेताने एक जून लिहून मोकळे व्हायचे. महाराष्ट्रातली कितीतरी माणसं कागदोपत्री त्याच दिवशी जन्मली. त्या मुलीची स्वतःचीही तारीख एक जूनच होती, मी येण्याआधीच्या गुरुजींच्या हातची. चाकरीत धन्याची मर्जी चालते हे खरं, पण या चाकरीत आमच्याही मर्जीने माणसाचा जन्मदिवस ठरत होता. तो तिने आपल्या लेकीसाठी आमच्या हातून काढून घेतला. मी दाखल्यावरची तारीख उतरवून घेतली. तिने पुढे वाकून तपासली, आकडा आकडा.

त्या दिवशी मला जे वाटलं, त्याला समाधान म्हणायला मन तयार होत नाही. तिचं बालपण उसात गेलं, लग्न पोरवयात झालं आणि त्यातलं काहीही माझ्या शिकवण्याने थांबलं नाही. तरी ती तारीख तपासत होती. हे दोन्ही मी एकाच पारड्यात कशी घालू? पुष्कळदा वाटतं, चार इयत्तांत आम्ही देतो ते एवढंच, पुढच्या पिढीची तारीख खरी लिहिली जाण्याइतकं. कधी वाटतं, हे फारच थोडं आहे आणि त्यावर आनंद मानणं म्हणजे मोठ्या देण्यातून स्वतःची सुटका करून घेणं. मग पुन्हा आईचा चेहरा आठवतो, दुसऱ्याच्या तुरीकडे बघणारा, आणि वाटतं की तो आनंद खोटा होता असं म्हणायचा मला अधिकार नाही. आबा आज असते तर त्यांना म्हटलं असतं, चाकरी कनिष्ठ खरीच, पण तुम्ही म्हणत होतात त्या कारणाने नाही. कोणत्या कारणाने, ते विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

एवढं मात्र मला नक्की सांगता येतं. सध्या भाद्रपद चालू आहे आणि उचली वाटून होत आल्या आहेत. तिची लेक आता वरच्या वर्गात आहे. यंदाच्या पहिलीतली निम्म्याहून अधिक मुलं ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली आहेत. ती गावात राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय असते. मूल आजी-आजोबांकडे किंवा चुलत्याकडे राहतं आणि दोन्ही वेळचं जेवण शाळेतून मिळतं. त्यासाठी कोण मूल राहणार, कोणाकडे राहणार, याची यादी शाळा व्यवस्थापन समितीने आधी करावी लागते. तुम्ही अशा गावात राहत असाल, समितीत असाल किंवा समितीतलं कुणी ओळखीचं असेल, तर ही यादी घटस्थापनेच्या आत करून घ्या. दिवाळीनंतर केलेल्या यादीतली मुलं कारखान्याच्या तळावर पोचलेली असतात.